शिमग्याला वाचलं जाणारं बजेट गणपतीतच भरलं जातं: कोकणातल्या गावाची मागणी राज्याच्या अर्थसंकल्पापर्यंत कशी पोचते

दरवर्षी शिमग्यात पालखी सहाणेवर टेकली की मुंबईकरांपैकी कोणीतरी मला बाजूला घेतो. "अण्णा, यंदा बजेटात आपला साकव आला काय हो?" (साकव म्हणजे पऱ्यावरचा, ओढ्यावरचा छोटा पूल.) मी नाही म्हणून मान हलवतो. तो म्हणतो, "मग आता अर्ज टाकूया." बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तो झोपा आमच्या वाडीत दर फाल्गुनात बांधला जातो.

१० मार्च २०२५ ला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प विधानसभेत मांडला, तेव्हा होळीला तीन दिवस राहिले होते. सात लाख कोटींच्या घरातला तो अर्थसंकल्प. त्यात आपल्या तीस-चाळीस लाखांच्या साकवाचं काय व्हायचं ते आधीच्या सप्टेंबर ते जानेवारीत होऊन गेलेलं होतं. त्या मोसमातले गणपती ७ सप्टेंबर २०२४ ला आले होते. सगळा गाव घरी होता, आणि साकवाचा कागद मात्र कोणीच काढला नाही.

माझी नोकरी सरकारी कचेरीत, लेखा शाखेत झाली. त्यातली अकरा वर्षं बजेटचं टेबल माझ्याकडे होतं. त्या टेबलावरून माहिती कशी गोळा होते आणि कुठे गळते ते मी पाहिलंय, आणि काही वेळा माझ्याच हातून ती गळलीय. म्हणून हे लिहितोय. साकव, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), जेटी, बंधारा, काहीही हवं असो, रस्ता साधारण हाच.

आधी सरकारला गाव कसं दिसतं ते समजून घ्या

संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे राज्य सरकारने दरवर्षी जमाखर्चाचं विवरण विधिमंडळापुढे ठेवायचं असतं. ते विवरण मंत्रालयात बसून कोणी कल्पनेने लिहीत नाही. ते खालून गोळा होतं. पगाराची बिलं काढणारा प्रत्येक अधिकारी, म्हणजे आहरण व संवितरण अधिकारी (कचेरीत सगळे 'डीडीओ' म्हणतात), आपल्या कार्यालयाचे आकडे भरतो. ते नियंत्रक अधिकाऱ्याकडे जातात, तिथून आयुक्त किंवा संचालकांकडे, मग मंत्रालयातल्या त्या त्या प्रशासकीय विभागाकडे आणि शेवटी वित्त विभागाकडे. प्रत्येक पायरीवर बेरीज होते, आणि काटछाटही होते.

तक्ता कसा असतो? डाव्या बाजूला लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या कामाचा ते सांगणारा क्रमांक. मग मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मंजूर तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज आणि अगदी उजवीकडे चिंचोळा 'शेरा'. तुमची वाडी, पावसात पऱ्या ओलांडताना वाहून गेलेली दप्तरं, बाळंतिणीला डोलीतून आणलेली रात्र, हे सगळं या सहा रकान्यांत बसलं तर पुढे सरकतं. अर्जातला कळवळा शेऱ्याच्या रकान्यात मावत नाही. हे कठोर वाटेल, पण टेबलावर बसलेल्या माणसाकडे दुसरी जागाच नसते.

लेखाशीर्षाची पाटी वाचायला शिका, अर्धं काम होईल. पहिले चार आकडे म्हणजे मुख्य शीर्ष. ० किंवा १ ने सुरू होत असेल तर ती महसुली जमा, २ किंवा ३ ने सुरू होत असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, ६ किंवा ७ म्हणजे कर्जं. म्हणून ३०५४ मध्ये रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती येते आणि ५०५४ मध्ये रस्ते-पुलांची नवी बांधकामं. २४०५ मत्स्यव्यवसाय. ४७११ पूरनियंत्रणाचं भांडवली शीर्ष, समुद्राच्या धुपेला अडवणारे बंधारे त्याच्याच पोटात. ५०५१ बंदरं. आणि २५१५, ज्याला गावागावांत 'पंचवीस-पंधरा' म्हणतात, ते ग्रामविकासाचं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. तिथे आमदारांचं पत्र लागतंच, तेव्हा त्या पत्रासाठी वेगळी धावपळ ठेवा.

पहिलं काम: तुमची गोष्ट कुणाच्या टेबलाची?

कोकणात निम्मे अर्ज इथेच मरतात. समुद्र आत येतोय म्हणून अर्ज जातो तहसीलदारांकडे, तिथून बांधकामकडे, बांधकाम म्हणतं आमचा विषय नाही. दोन वर्षं जातात आणि शेवटी कळतं की कागद पत्तन अभियंत्यांकडे (बंदर-किनाऱ्याची कामं बघणारे) जायला हवा होता. खाडीच्या आतल्या बाजूला शेतात खारं पाणी घुसत असेल तर विषय निराळा. ती खारभूमी. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे आणि ते काम जलसंपदाच्या खारभूमी कार्यालयाकडे असतं. दोन बंधारे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असू शकतात आणि त्यांचे अभियंते, शीर्षं, मंत्री सगळे वेगळे असतात.

रस्त्याचं पाहायचं तर आधी त्याला नंबर आहे का ते बघा. ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, काहीतरी क्रमांक हवा. नंबर पडलेला नसेल तर रस्ते विकास आराखड्यात तो नाही, आणि आराखड्यात नाही तर ३०५४ मागूनही उपयोग नाही. पाखाडी किंवा पायवाट असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद आहे का ते विचारा. आमच्याकडे सरळ विचारतात, "तेवीस नंबरला आहे काय?" पंचवीस पिढ्या त्या पाखाडीने देवळात जात असतील, पण तेवीस नंबरला नसेल तर सरकारच्या लेखी तिथे झाडी आहे.

ही चौकशी पावसाळ्यातच करून ठेवा. जून-जुलैत मासेमारी बंद, लावणीनंतर हातही मोकळे. ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही स्वतः उघडून बघा. 'असेल हो' या उत्तरावर विसंबू नका.

दुसरं काम: गणपतीत सह्या

साकवाचे दोन्ही काठ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात. आणि कोकणातला सातबारा म्हणजे पाच गुंठे जमीन नि तीस नावं. त्यातली सहा वारलेली, चार डोंबिवलीला, सात नालासोपाऱ्याला, एक गुजरातेत, आणि एक असा की ज्याचं भावाशी पटत नाही. अंदाजपत्रक करायला आलेला शाखा अभियंता पहिला प्रश्न विचारतो, "जागेचं काय?" तुम्ही 'देतील ते' म्हणालात की तो पेन खिशाला लावतो. त्याचंही चुकत नाही. जागेवरून वाद झाला तर काम अडतं, निधी मार्चला परत जातो आणि उत्तर त्याला द्यावं लागतं.

ही तीस माणसं वर्षातून दोनदाच एकत्र सापडतात. शिमग्याला उशीर झालेला असतो, म्हणून गणपती. आम्ही एका वर्षी असं केलं: संमतीपत्राचा मजकूर आधी टाइप करून ठेवला, आरती झाल्यावर प्रसादाच्या ताटाबरोबर तो कागद घरोघरी फिरवला आणि गौरी विसर्जनाच्या आत सव्वीस सह्या झाल्या. उरलेल्यांपैकी तिघांची वारसनोंदच व्हायची होती. ती तलाठ्याकडे (आता पद 'ग्राम महसूल अधिकारी', हाक अजून तलाठीच) अर्ज करून सुरू केली. भजनाच्या रात्री सही मागितली की सहसा कोणी नाही म्हणत नाही. हा सल्ला कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही.

सहमतीपत्रावर सर्व्हे नंबर, किती क्षेत्र, कोणत्या कामासाठी आणि मोबदला मागणार की नाही, हे चारही लिहून घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. अभियंत्याने बक्षीसपत्र मागितलं तर ते नोंदणीकृत लागतं, त्याचा वेळ धरा.

काम समुद्रकाठी असेल तर याच वेळी सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) गोष्ट काढा. भरतीरेषेजवळच्या कामाला किनारी क्षेत्राची परवानगी लागू शकते आणि तिला लागणारा काळ तुमच्या हातात नसतो. परवानगीच्या प्रस्तावाची प्रत मागणीला जोडलेली असेल, तर निदान 'अद्याप सुरुवात नाही' हा शेरा पडत नाही.

तिसरं काम: ग्रामसभेचा ठराव, पण कसा?

सोयीची ग्रामसभा १५ ऑगस्टची किंवा २ ऑक्टोबरची. गणसंख्या लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ती. तहकूब सभेचा ठराव चालतो, पण त्यावरून पुढे कुजबुज होते. त्यापेक्षा माणसं जमवा. 'आमचा गाव, आमचा विकास' खाली ग्रामपंचायतीचा जो आराखडा होतो, त्यात तुमचं काम घ्यायला लावा. वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीला येतात आणि साकवाएवढं काम त्यात सहसा बसत नाही. पण आराखड्यात नाव असलं की पुढच्या प्रत्येक टेबलावर 'ग्रामस्तरावरून प्रस्तावित' असं लिहिता येतं.

आता ठरावाचा मजकूर. मी टेबलावर असताना येणारे ठराव बहुतेक असे असत: 'आमच्या गावात साकव नसल्याने ग्रामस्थांची फार गैरसोय होते, तरी साकव मंजूर व्हावा.' यावर मी काय करणार? याच्याऐवजी असं लिहा:

'खालची वाडी ते प्राथमिक शाळा या पायवाटेवरील पऱ्यावर अंदाजे १२ मीटर लांबीचा साकव बांधणे. पलीकडे घरे २३, मतदार ६४, शाळेत जाणारी मुले ९. जून ते ऑक्टोबर ओलांडता येत नाही, वळसा साडेतीन किलोमीटर. पायवाटेची नोंद नमुना २३, अनुक्रमांक अमुक. दोन्ही काठांचे जमीनमालक सहमत, सहमतीपत्रे सोबत.'

चार ओळी, पण त्यात प्रत्येक रकान्याचं उत्तर आहे. अभियंत्याला मोजमापाचा अंदाज येतो, नियोजनवाल्याला लाभार्थी मिळतात, आणि कुणालाही 'माहिती अपूर्ण, परत' लिहायला जागा उरत नाही. पावसातला एक फोटो जोडा. तारखेसह, पाणी दिसेल असा. मे महिन्यातल्या कोरड्या पऱ्याचा फोटो जोडून साकव मागणारे मी पाहिलेत.

चौथं: टेबलावर त्या दिवसांत काय चाललेलं असतं

पावसाळा ओसरू लागला की अंदाज मागवणारी परिपत्रकं वरून खाली झिरपतात. तारखा वर्षागणिक मागेपुढे होतात, पण खालच्या कचेरीत पोचेपर्यंत हाताशी दिवस थोडेच उरतात. 'उद्या सायंकाळपर्यंत' हे दोन शब्द मी इतक्यांदा वाचलेत की अजून स्वप्नात येतात.

कारकून काय करतो? आधी अनिवार्य खर्च. मंजूर पदं किती, भरलेली किती, महागाई भत्ता किती वाढेल, वीजबिल, भाडं, गाडीचं इंधन. पगाराचे आकडे 'सेवार्थ' या पगाराच्या प्रणालीवरून मिळतात, खर्चाचे कोषागाराशी आणि महालेखापालांशी ताळमेळ घालून. हा भाग तुमच्या साकवाशी संबंधित नाही असं वाटेल. पण सरकारचा मोठा पैसा इथेच, पगार-निवृत्तिवेतन-व्याजात, आधीच बांधलेला असतो. उरलेल्यात कार्यक्रम खर्च. तिथे मागच्या वर्षीचा खर्च हा सगळ्यात बोलका आकडा. ज्या शीर्षाखाली पैसे आले आणि खर्च झाले नाहीत, त्याला पुढच्या वर्षी कात्री. तालुक्यात एका साकवाचं काम जागेच्या भांडणात अडलं तर त्याची किंमत शेजारच्या गावालाही मोजावी लागते, ती अशी.

घाईत मग काय होतं? प्रामाणिकपणे सांगतो. ज्या रकान्यासाठी खालून काहीच माहिती आलेली नाही, तिथे मागच्या वर्षीचा आकडा घेऊन त्यात दहा टक्के मिळवतात. मीही मिळवले आहेत. तुमचा परिपूर्ण कागद त्याआधी टेबलावर असेल तर कारकुनाचंच काम सोपं होतं. तो तुमचा आकडा घेईल, कारण त्याच्याकडे दुसरा नाही.

आणि एक चूक, जी माझी होती. अर्थसंकल्पाच्या अंदाजांत रक्कम हजारांत लिहायची असते. बारा लाख म्हणजे १२००. एका वर्षी इमारत दुरुस्तीच्या ओळीत मी १२ लिहिलं. वर कुणाच्या लक्षात आलं नाही. कमी मागितलेलं कोणाला खुपतं? त्या वर्षी आमच्या कचेरीच्या दुरुस्तीला बारा हजार रुपये आले. त्यात ताडपत्री आली आणि पुढच्या जूनपर्यंत आमची टायपिस्ट छत्री उघडून बसली. तेव्हापासून मी कोणालाही सांगतो: तुमच्या मागणीत रक्कम अंकी लिहा, अक्षरी लिहा आणि 'लाख' की 'हजार' ते स्वच्छ लिहा.

सुधारित अंदाज हीही एक खिडकी आहे. वर्षाच्या मध्यात चारमाही आणि पुढे आठमाही अंदाज मागवतात. कुठे बचत, कुठे जादा गरज, ते त्यात कळवायचं असतं. तुमच्या कामाला चालू वर्षात तरतूद आहे पण अपुरी आहे, असं असेल तर आठमाहीच्या आधी संबंधित अभियंत्याला लेखी आठवण करा. नव्या कामासाठी मात्र ही खिडकी नाही.

पाचवं: जिल्हा नियोजन

साकव, पाखाड्या, छोटे रस्ते, शाळेच्या खोल्या यांना मंत्रालय गाठायची गरज बहुधा पडत नाही. ते जिल्हा वार्षिक योजनेतून होतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समित्या आल्या, राज्याचा त्यासाठीचा अधिनियम १९९८ चा. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. नियोजन विभाग प्रत्येक जिल्ह्याला कमाल मर्यादा कळवतो, ज्याला सगळे 'सिलिंग' म्हणतात. मग यंत्रणा आपापल्या मागण्या देतात, प्रारूप आराखडा होतो, समितीची बैठक होते आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास राज्यस्तरीय बैठकीत जिल्हे सिलिंगच्या वर काही वाढवून मागतात.

इथे दोन गोष्टी करा. तुमच्या भागातला जिल्हा परिषद सदस्य समितीवर आहे का ते शोधा आणि बैठकीच्या आठवडाभर आधी त्याच्या हातात तो चार ओळींचा ठराव द्या. आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने आपल्या यादीत तुमचं काम कितव्या क्रमांकावर घेतलंय ते विचारा. यादीत असणं आणि सिलिंगच्या आत असणं यात अंतर आहे. चाळीसावा क्रमांक असेल नि पैसे पंचविसाव्यापर्यंत पुरत असतील, तर पुढच्या वर्षीसाठी आत्ताच बोलणं सुरू करा.

सिलिंग ठरवताना लोकसंख्या हा एक निकष असतो, आणि इथे कोकणाचं जुनं दुखणं आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ ला रत्नागिरीत १६ लाख १५ हजार माणसं मोजली गेली, आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका. पुरुष मुंबईत. तेच पुरुष गणपतीत येतात तेव्हा पाणी, रस्ते, दवाखाना, एसटी सगळ्यावर ताण पडतो, पण तो ताण कुठल्याच रकान्यात नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून आहे. म्हणजे मोजणी त्याआधी, फेब्रुवारीत; तेव्हा आमच्या वाडीत किती घरं उघडी असतात ते मला ठाऊक आहे. ठरावात 'कायम राहणारे' आणि 'सणाला येणारे' असे दोन आकडे वेगवेगळे लिहा. निकष बदलणार नाही, पण बैठकीत बोलणाऱ्याच्या हाती मुद्दा राहील.

नोंदींचं महत्त्व: सुपारीची गोष्ट

अर्थसंकल्पाला लागणारी माहिती फक्त बजेटच्या परिपत्रकाने येत नाही. वर्षभर ती दुसऱ्या वाटांनी साचत असते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' तयार करतं, ती अधिवेशनात अर्थसंकल्पाच्या आधी मांडतात. जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' निघतं. पीक कापणी प्रयोग होतात, पैसेवारी निघते, बंदरावर मासळीची आवक लिहिली जाते. यातली कुठलीही नोंद चुकली तर वर्षानुवर्षं चुकीच्या आकड्यावर तरतूद होत राहते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. दापोली, मंडणगडपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. मदतीचा हिशेब हेक्टरी होता. फळबागेला वाढवून हेक्टरी ५० हजार केले, तेही ऐकायला बरे. पण श्रीवर्धनकडची सुपारीची वाडी असते दहा गुंठ्यांची. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत सुपारी, नारळ, मधे केळ, खाली जायफळ, पोफळीवर चढवलेली मिरवेल. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-आठ वर्षं. पाच हजारांत पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही सुटेना. लोकांनी ओरड केली, मग सुपारी-नारळाला झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला. तेव्हा प्रश्न आला: झाडं होती किती? सातबाऱ्यावर काहींच्या 'बागायत' एवढाच शब्द.

म्हणून ई-पीक पाहणी टाळू नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर आहे, मोबाइलवरून शेतकऱ्याने स्वतः करायची. मिश्र पीक असेल तर मिश्र लिहा, झाडांची संख्या मोजून लिहा. रेंज नसेल तर सड्यावर चढून करा, सगळे करतात. कृषी विभाग तुमच्या तालुक्यासाठी पुढच्या वर्षी काय मागणार, त्याचा पाया हा आहे.

मच्छीमारांनी डिझेल परताव्याचा (डिझेलवरच्या कराच्या परतफेडीचा) हिशेब असाच बघावा. पुढच्या वर्षी किती रक्कम लागेल हे मत्स्यव्यवसाय खातं नौकांची संख्या, सोसायटीचा मंजूर कोटा आणि आधीचे थकीत दावे यांवरून काढतं. सोसायटीने दावे वेळेवर सादर केले नाहीत तर कागदावर मागणीच कमी दिसते, तरतूद कमी होते आणि थकबाकी वाढते. मग आपण म्हणतो सरकार पैसे देत नाही. दोन्ही खरं असू शकतं. परवाना संपलेली, विकलेली, मोडलेली होडी यादीतून काढा आणि नवी वेळेत नोंदवा.

जमेची बाजू, थोडक्यात

खर्चाबरोबर उत्पन्नाचेही अंदाज खालूनच येतात. दुय्यम निबंधकाकडची मुद्रांक वसुली, वाहन कर, उत्पादन शुल्क, चिऱ्याच्या खाणींचं स्वामित्वधन, प्रत्येकाचं उद्दिष्ट नि प्रत्यक्ष वसुली. अलिबाग-दापोलीत जमिनींचे व्यवहार वाढले की ते त्या आकड्यात दिसतं. जीएसटी मोठा, आणि केंद्राकडून वाटून मिळणारा हिस्सा ठरलेला: १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी महाराष्ट्राला राज्यांच्या वाट्यातले ६.३१७ टक्के दिले. गावाला यात करण्यासारखं काही नाही. पुढे जातो.

मंत्रालयात गेल्यावर

वित्त विभागात प्रत्येक प्रशासकीय विभागाशी चर्चा होते आणि तिथे खरी छाननी. नवी योजना, नवी पदं, नवं वाहन असेल तर ती 'नवीन बाब', तिला वेगळा प्रस्ताव आणि वरची मान्यता. जेटीसारखी मोठी कामं इथे अडकतात किंवा 'टोकन' होऊन बाहेर पडतात. टोकन म्हणजे नाव पुस्तकात, समोर हजाराच्या घरातली लाक्षणिक रक्कम. टोकन मिळालं म्हणून गावात पेढे वाटलेले मी पाहिलेत. पेढे वाटा, पण त्याच आठवड्यात पुरवणी मागणीसाठी, म्हणजे वर्षाच्या मध्यात मिळणाऱ्या जादा तरतुदीसाठी, आमदारांकडे जा. पुरवणी मागण्या साधारण पावसाळी अधिवेशनात मुंबईत आणि हिवाळी अधिवेशनात नागपूरला येतात.

मार्चमध्ये काय वाचायचं

भाषण ऐकू नका म्हणत नाही, त्यात शेर असतात. पण तुमचं काम भाषणात नसतं. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पीय प्रकाशनं चढतात. त्यात आपल्या विभागाचा खंड उघडा, मुख्य शीर्षाचे चार आकडे शोधा, मग खाली उतरत जा. बांधकाम खात्याच्या कामांची यादी 'व्हाईट बुक'मध्ये असते. तालुक्याच्या नावाने शोधा. चार रकाने एकत्र बघायचे: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. मूळ तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज लहान दिसला, तर पैसे आले आणि उठले नाहीत. का उठले नाहीत हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात 'का' विचारलं की उत्तर गोलमाल येतं. 'अमुक लेखाशीर्षाखाली तालुक्याला प्राप्त निधी, खर्च आणि समर्पित निधी यांच्या नोंदीची प्रत द्यावी' असं लिहा. (समर्पित म्हणजे खर्च न करता परत केलेला.)

तरतूद झाली म्हणजे पैसे आले असंही नव्हे. निधी 'बीम्स' या प्रणालीवर टप्प्याटप्प्याने सोडला जातो, आणि वित्त विभाग तो रोखूही शकतो. मे २०२० मध्ये करोनामुळे विकासाच्या खर्चाला ३३ टक्क्यांचीच मर्यादा आली, तेव्हा पुस्तकात नाव असलेली किती कामं नुसती पुस्तकात राहिली! एप्रिलपासून प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा हा क्रम चालू झाला का, ते महिन्यातून एकदा विचारत राहा. पावसाच्या आत पाया निघाला नाही तर वर्ष गेलं.

शेवटी झेरॉक्सचं. प्रत्येक कचेरीत कागद देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शाखेत थेट साहेबांच्या हातात देऊन 'दिलाय मी' म्हणू नका, आधी आवक-जावकच्या खिडकीवर जा. आमच्या साकवाचा पहिला अर्ज कुठे गेला ते अजून कुणाला सापडलेलं नाही. दुसऱ्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का आहे. ती माझ्याकडे आहे, देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली.